बॉम्बर विमानांच्या गन-टरेटचे सुटे भाग कसे ओळखावेत

दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमानांचे संपूर्ण टरेट, म्हणजे बंदुका बसवलेले फिरते कक्ष, आज फार थोडे उरले आहेत. त्यांचे सुटे भाग मात्र अजूनही सापडत असतात. इंग्लंडमधील जुन्या धावपट्ट्यांलगतच्या शेतघरांत, निवृत्त मेकॅनिकांच्या गॅरेजमध्ये आणि जुन्या विमानांच्या भागांची खरेदी-विक्री जिथे चालते त्या ‘एरोजंबल’ बाजारांत ते हाती लागतात. तिथे टेबलावर ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक दातेरी तुकड्याला ‘लँकॅस्टरच्या मागच्या टरेटचा’ अशी चिठ्ठी लावलेली आढळते, कारण लँकॅस्टर या ब्रिटिश बॉम्बरचे नाव लागले की किंमत वाढते. अशा भागांचा अभ्यास करताना माझे एक मत पक्के झाले आहे: भागाला नाव सर्वांत शेवटी द्यावे. तो भाग काय काम करत होता, त्याला चालना कशाने मिळत होती आणि त्यातून कोणत्या आकाराचे काडतूस जात होते, या तीन प्रश्नांची उत्तरे वस्तूकडूनच मिळवावीत आणि मगच भागावरच्या निर्मात्याच्या पाटीवरचे अक्षर वाचावे. हा क्रम उलटा केला की डोळ्यांना पाटीवरचेच दिसू लागते.

हात लावण्यापूर्वी

मातीतून निघालेल्या कोणत्याही भागात जिवंत काडतूस अडकलेले नाही याची खात्री सर्वांत आधी करावी. काडतुसांच्या पट्ट्याची वाहिनी चिखलाने भरलेली असेल तर ती ठोकून मोकळी करू नये. काडतूस दिसले तर वस्तू आहे तिथेच ठेवून पोलिसांना कळवावे. दुसरा धोका रंगाचा आहे. अमेरिकन भागांवरील पिवळसर हिरवा थर हा बहुधा झिंक क्रोमेट प्रायमरचा असतो आणि त्यातील क्रोमियम कर्करोगकारक आहे. बोल्ट आणि स्प्रिंगांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो व त्याची धूळही विषारी असते. म्हणून अशा भागावर कोरडा पॉलिश पेपर कधीही चालवू नये. तिसरा धोका मॅग्नेशियमच्या ओतीव भागांचा. ते गंजले की पांढरी भुकटी धरतात आणि ग्राइंडरखाली त्यांच्या किसाला आग लागू शकते. मऊ ब्रश, रॉकेल आणि जुने सुती फडके एवढ्यावर पहिली स्वच्छता भागते.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. ब्रिटनमध्ये १९८६ च्या प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स कायद्यानुसार कोसळलेल्या लष्करी विमानाच्या जागी परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही, कारण अशा अनेक जागा तरुण वैमानिकांच्या कबरी आहेत. भारतातील १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राच्या सुट्या भागांचा समावेश आहे. त्यामुळे नळी, बोल्ट किंवा मशीनगनचा सांगाडा यांसारखे काही मिळाल्यास ते घरी नेण्यापूर्वी अधिकाऱ्यांना विचारणे भाग आहे.

चालना कशाची होती

टरेटची घराणी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्यांची चालना. ब्रिटिश बॉम्बरांवर दोन घराणी प्रमुख होती. पहिले आर्चिबाल्ड फ्रेझर-नॅश यांच्या रचनेचे (टरेटच्या क्रमांकात ‘एफएन’), ज्यांची निर्मिती नॅश अँड थॉम्पसन आणि ग्लॉस्टरशायरमधील येट येथील पार्नल या कारखान्यांनी केली. या टरेटना विमानाच्या इंजिनावर बसवलेल्या पंपाकडून दाबाखालचे तेल मिळत असे. लँकॅस्टरमध्ये प्रत्येक टरेटचा पंप वेगळ्या इंजिनावर होता आणि मागच्या टरेटचा पंप डाव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनावर होता. ते इंजिन बंद पडले की मागच्या गनरला टरेट हाताने फिरवावा लागे. स्थिर विमानातून फिरत्या टरेटमध्ये तेल नेण्यासाठी मधोमध एक फिरता सांधा असे. हाती आलेल्या जाड दंडगोलात एकात एक अशा तेलवाटा कोरलेल्या असतील, प्रत्येक वाटेच्या दोन्ही बाजूंना सील बसवण्याच्या खाचा असतील आणि बाहेर पाइप जोडण्याची तोंडे असतील, तर तो भाग इंजिनावरच्या तेलावर चालणाऱ्या टरेटचा असण्याची शक्यता मोठी आहे.

दुसरे घराणे वुल्व्हरहॅम्प्टनच्या बोल्टन पॉल कंपनीचे. मूळ रचना फ्रान्समधील होती आणि तिचे हक्क बोल्टन पॉलने घेतले होते. या टरेटमध्ये विजेची मोटर टरेटच्या आतच बसवलेली असे, ती मोटर स्वतःचा तेलपंप फिरवी आणि संपूर्ण तेलयंत्रणा टरेटच्या पोटातच सामावलेली असे. बाहेरून येई ती फक्त वीज. त्यामुळे बोल्टन पॉलच्या मधल्या खांबावर तेलवाटांऐवजी वीज घेणारी तांब्या-पितळेची सरककडी (स्लिप रिंग) दिसतात. येथे एक सावधगिरी हवी. फ्रेझर-नॅशच्या टरेटलाही गनसाइटचा, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाचा, दिवा आणि इंटरकॉम यांसाठी वीज लागत असे, म्हणून केवळ सरककडी दिसली की बोल्टन पॉल असा निष्कर्ष काढू नये. कडी रुंद आहेत की अरुंद आणि तिथे येणारी तार मोटर चालवण्याइतकी जाड होती की दिव्यापुरती बारीक, हे तार धरणाऱ्या स्क्रूच्या मापावरून कळते.

गनरच्या हातात काय होते यावरूनही हाच भेद उघड होतो. फ्रेझर-नॅश टरेटमध्ये मोटरसायकलच्या हँडलसारख्या दोन मुठी होत्या आणि प्रत्येकीवर घोडा होता. बोल्टन पॉलमध्ये एकच उभी जॉयस्टिक असे व तिच्यावर गोळीबाराचे बटण असे. मुठीचा तुकडा मिळणे म्हणजे भाग्यच, कारण एवढ्या एका वस्तूवरून अर्धा प्रश्न सुटतो. बंदुका डागण्याची पद्धतही वेगळी होती: बोल्टन पॉलमध्ये सोलेनॉइड ही विजेची चुंबकी गुंडाळी घोडा ओढी, तर फ्रेझर-नॅशमध्ये ते काम तेलाच्या दाबाने होई.

अमेरिकन टरेटमध्ये हाच प्रश्न विचारल्यास उत्तर अधिक फाटे फोडते. स्पेरी कंपनीच्या रचनेचे टरेट, म्हणजे बी-१७ बॉम्बरच्या पोटाखालचा गोल बॉल टरेट आणि पाठीवरचा टरेट, विजेच्या मोटरने चालणाऱ्या तेलयंत्रणेचे होते. मार्टिन कंपनीचा पाठीवरचा टरेट आणि सेंट लुईसच्या इमर्सन इलेक्ट्रिकने बनवलेला बी-२४ लिबरेटर बॉम्बरचा नाकावरचा टरेट हे संपूर्ण विजेवर चालत. त्यांच्यात अँप्लिडाइन नावाचे जनित्र वापरलेले असे, ज्यामुळे हँडलच्या हलक्या हालचालीवर मोठ्या मोटरचा वेग सांभाळता येई. जाड कॉम्युटेटर (विजेचे ब्रश ज्यावर टेकतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल), ब्रशांच्या अनेक जोड्या आणि आजूबाजूला तेलाचा मागमूसही नाही, असा भाग आला तर प्रथम अमेरिकेकडे पाहावे. बी-२९ या अमेरिकन बॉम्बरचे प्रकरण त्याहून वेगळे आहे. तिथे गनर टरेटमध्ये बसतच नसे. तो दुसऱ्या जागेवरून नेम धरी आणि जनरल इलेक्ट्रिकची गणकयंत्रणा टरेट फिरवी. म्हणून बी-२९ च्या टरेटमध्ये बैठक, पायठेवणी किंवा हँडल यांची अपेक्षा धरू नये.

काडतुसाचे माप

चालनेनंतरची सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे काडतुसांचा पट्टा नेणारी वाहिनी. तिच्यात लिहिलेले काही नसते, म्हणूनच बाजारात ती स्वस्तात पडून असते. मला मात्र ती पाटीपेक्षा विश्वासार्ह वाटते, कारण काडतुसाच्या लांबीशी तिला खोटे बोलता येत नाही. ब्रिटिश .३०३ काडतुसाची एकूण लांबी सुमारे ७८ मिलिमीटर असते, अमेरिकन .५० ची सुमारे १३८ मिलिमीटर आणि २० मिलिमीटर हिस्पानो तोफेच्या गोळ्याची सुमारे १८४ मिलिमीटर. वाहिनीची आतली रुंदी व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन ठिकाणी मोजावी, वाकलेली बाजू टाळावी आणि येणारे माप यांपैकी कोणत्या लांबीहून थोडेसे जास्त आहे ते पाहावे.

.३०३ चे माप आले तर बहुतेक वेळा आपण ब्रिटिश युद्धकालीन टरेटजवळ आहोत: वेलिंग्टन, स्टर्लिंग आणि लँकॅस्टर या बॉम्बरांच्या नाकावरचा दोन बंदुकांचा एफएन-५, लँकॅस्टर आणि स्टर्लिंगच्या पाठीवरचा दोन बंदुकांचा एफएन-५०, लँकॅस्टरच्या शेपटीतला चार बंदुकांचा एफएन-२०, किंवा हॅलिफॅक्स बॉम्बरच्या शेपटीतला बोल्टन पॉलचा चार बंदुकांचा ई प्रकार. एफएन-२० मध्ये काडतुसे टरेटमध्ये साठवलेली नसत. ती विमानाच्या मधल्या भागातल्या पेट्यांमधून लांब पन्हाळींवरून शेपटीपर्यंत येत. त्यामुळे काही मीटर लांबीची सरळ, उघडी पन्हाळ मिळाली तर ती टरेटचा भाग नसून विमानाच्या धडाचा भाग असते आणि तशीच तिची नोंद व्हावी.

.५० चे माप आले की घाईने अमेरिकन म्हणण्याचा मोह होतो. ब्रिटिशांनीही युद्धाच्या उत्तरार्धात दोन .५० बंदुकांचे शेपटीचे टरेट वापरले: एफएन-८२, बोल्टन पॉलचा डी प्रकार आणि गेन्सबरोच्या रोझ ब्रदर्सने बनवलेला रोझ टरेट. उलट दिशेची गफलतही होते. कॅनडात माल्टन येथे बनलेल्या लँकॅस्टर मार्क १० विमानांपैकी उत्तरकालीन विमानांच्या पाठीवर मार्टिनचा अमेरिकन टरेट होता, तर रॉयल एअर फोर्सच्या सुरुवातीच्या लिबरेटर मार्क २ वर बोल्टन पॉलचे .३०३ टरेट होते. विमान अमेरिकन म्हणून टरेट अमेरिकन, असे गृहीत धरता येत नाही. २० मिलिमीटरचे माप आल्यास लिंकन आणि शॅकल्टन या विमानांवरील ब्रिस्टल बी-१७ टरेटचा विचार करावा (हे टरेटचे नाव आहे, बी-१७ बॉम्बरचे नव्हे). म्हणजे भाग युद्धानंतरच्या सेवेतला असण्याची शक्यता वाढते.

तुटक्या कड्यावरून पूर्ण कडे

टरेट ज्या दातेरी कड्यावर फिरतो त्याचा तुकडा हा बाजारात वारंवार दिसणारा आणि वारंवार चुकीची चिठ्ठी लागणारा भाग आहे. त्याचे संपूर्ण माप काढण्यासाठी शाळेतली भूमिती पुरते. तुकड्याच्या दोन टोकांमधील सरळ अंतर मोजावे आणि त्या सरळ रेषेच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची मोजावी. सरळ अंतराच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागावे आणि त्यात उंचीचा निम्मा भाग मिळवावा. येते ती त्रिज्या. उदाहरणार्थ, अंतर ४०० मिलिमीटर आणि उंची ४० मिलिमीटर असेल, तर १,६०,००० ला ३२० ने भागून ५०० येतात, त्यात २० मिळवले की त्रिज्या ५२० आणि व्यास १,०४० मिलिमीटर ठरतो. उंची मोजताना झालेली एका मिलिमीटरची चूकही उत्तरात मोठी होऊन येते, म्हणून तुकडा जितका लांब तितके उत्तर खात्रीचे, आणि तुकडा वाकलेला असेल तर हे गणित करूच नये. मी स्वतः एक तुकडा दोन वर्षे लँकॅस्टरचा म्हणून जपला होता. त्याची कमान आघाताने उघडली होती हे सपाट काचेवर ठेवून पाहिल्यावरच समजले आणि त्यावर बेतलेली माझी सर्व मापे रद्द करावी लागली. तेव्हापासून तुकडा काचेवर न ठेवता मी मोजपट्टी हातात घेत नाही.

व्यास मिळाला की सलग दहा दातांचे अंतर मोजून एका दाताचे अंतर काढावे आणि संपूर्ण परिघाला त्याने भागावे. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ आले तर मोजणी बरोबर असल्याचा तो फक्त एक संकेत समजावा. ही दातसंख्या आणि व्यास यांची जोडी एखाद्या संग्रहालयातील शाबूत टरेटशी ताडून पाहता येते. लिंकनशायरमधील ईस्ट कर्कबी येथील लँकॅस्टर किंवा यॉर्कशायरमधील एल्विंग्टन येथील हॅलिफॅक्स यांच्याजवळ उभे राहून घेतलेले एक माप घरी बसून पाहिलेल्या शंभर छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडते.

एफएन-५० च्या बाबतीत कड्याबाहेरचा पत्र्याचा घेरही ओळखीचा आहे. आपल्याच विमानाची शेपटी किंवा पंख गोळ्यांनी उडू नयेत म्हणून या टरेटभोवतीच्या आवरणात एक उंचसखल मार्ग होता; टरेट फिरताना त्यावरून छोटे चाक (रोलर) धावे आणि बंदुकांना धोक्याच्या दिशेने खाली झुकू देत नसे. गनर त्याला ‘टॅबू ट्रॅक’ म्हणत. वरची कड लाटेसारखी चढउतार असलेला, रोलरच्या घर्षणाने एका रेषेत गुळगुळीत झालेला वक्र पत्रा आढळला, तर तो निव्वळ आवरण समजून टाकून देऊ नये. बोल्टन पॉलमध्ये हेच काम विजेच्या संपर्कांनी होई: नळी धोक्याच्या कोनात आली की बंदुकीची वीज तुटे.

आटे, रिवेट आणि धातू

चालना आणि काडतूस दोन्ही सांगता येत नाहीत असा लहान भाग असेल तर त्याचा देश तरी बोल्ट-स्क्रूंच्या आट्यांवरून ठरवावा. आटे मोजण्याची गेज दोन-तीनशे रुपयांत मिळते आणि या छंदात याहून मोलाचे दुसरे साधन नाही. ब्रिटिश बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, लहान ब्रिटिश बीए (ब्रिटिश असोसिएशन) स्क्रूंचा साडेसत्तेचाळीस अंशांचा आणि अमेरिकन आट्यांचा ६० अंशांचा. मूळ बोल्ट जागेवरच असेल आणि त्याच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असेल, तर तो अमेरिकेच्या लष्कर-नौदलाच्या ‘एएन’ मानकाचा बोल्ट असण्याची शक्यता आहे. अॅल्युमिनियमच्या रिवेटच्या डोक्यावर मध्यभागी बारीक खळगा असेल तर तोही अमेरिकन मिश्रधातूचा संकेत आहे. मात्र बोल्ट बदलला जाऊ शकतो. भागाच्या अंगातच पाडलेला आटा बदलता येत नाही, म्हणून पुरावा म्हणून तोच धरावा.

धातूसाठी लोहचुंबक आणि पाण्याचे भांडे पुरते. चुंबक चिकटला नाही तर भागाचे वजन करावे, दोऱ्याने बांधून काठोकाठ भरलेल्या पाण्यात बुडवावे आणि सांडलेले पाणी मोजावे. दर घनसेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम आल्यास अॅल्युमिनियम, १.८ च्या आसपास आल्यास मॅग्नेशियम. दुसरे उत्तर आले की ग्राइंडर दूर ठेवावा.

पाटी आणि ठसे

आता पाटी वाचावी. ब्रिटिश भागावर मुकुटाखाली रोमन लिपीतील ‘एएम’ हा एअर मिनिस्ट्रीचा, म्हणजे ब्रिटिश हवाई मंत्रालयाचा, ठसा असतो आणि त्याजवळ भांडार क्रमांक असतो. त्या क्रमांकाचा पहिला तुकडा वस्तूचा वर्ग सांगतो: ५सी म्हणजे विजेची उपकरणे, ६ए म्हणजे विमानातील मापन-उपकरणे, ८बी म्हणजे गनसाइट, १० च्या मालिकेत रेडिओ. हा वर्ग वस्तू काय आहे ते सांगतो. ती कोणत्या विमानात होती ते सांगत नाही. ५सी वर्गाचा स्विच लँकॅस्टरमध्ये होता तसाच इतर अनेक विमानांत होता. बॅर अँड स्ट्राउडची मार्क ३ रिफ्लेक्टर साइटही अनेक टरेटमध्ये एकसारखीच बसे. अमेरिकन पाटीवर ‘एअर कॉर्प्स, यू. एस. आर्मी’ किंवा ‘यू. एस. नेव्ही’, प्रकार, अनुक्रमांक आणि करार क्रमांक असे तपशील येतात. ‘डब्ल्यू ५३५ एसी’ ने सुरू होणारा करार हा लष्कराच्या हवाई शाखेचा.

नावांच्या बाबतीत काही सापळे नेहमीचे आहेत. स्पेरी टरेटच्या तेलयंत्रणेवर ‘व्हिकर्स’ असे नाव दिसते. ती डेट्रॉइटची तेलयंत्रे बनवणारी अमेरिकन कंपनी होती, बंदुका बनवणाऱ्या ब्रिटिश व्हिकर्सशी तिचा संबंध नाही. ब्रिटिश तेलवाहक भागावर ‘लॉकहीड’ आढळले तर ते लेमिंग्टन स्पा येथील ब्रेक आणि तेलयंत्रणेच्या कारखान्याचे चिन्ह असते. विमाने बांधणारी लॉकहीड निराळी. पाटी त्या एका घटकाचा निर्माता सांगते, टरेटचा नव्हे, ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखी आहे.

शिवाय प्रत्येक टरेट विमानातच होता असेही नाही. गनरांच्या प्रशिक्षणासाठी टरेट जमिनीवर बसवले जात आणि ब्रिटिश मोटर टॉर्पेडो बोटींवरही यांत्रिक टरेट होते. दर्यावर्दी भागांवर रंगाचे जाड थर आणि खाऱ्या पाण्याचा खोल गंज असतो; विमानातल्या भागांवरचा रंग पातळ असतो, कारण तिथे रंगाचेही वजन मोजले जाई.

भारतात सापडलेला भाग

आपल्याकडे असा भाग निघाल्यास लिबरेटरचा विचार सर्वांत आधी करावा, आणि त्याला ठोस कारण आहे. युद्धानंतर रॉयल एअर फोर्सने कानपूरला निकामी करून सोडलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि १९४८ पासून ती भारतीय हवाई दलात दाखल झाली. पाचव्या स्क्वाड्रनपाठोपाठ सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगावहून ती सागरी टेहळणीसाठी उडवली आणि १९६८ मध्ये ती सेवेतून गेली. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला मिळालेले केएन ७५१ हे लिबरेटर भारतानेच दिलेले आहे. म्हणून पुणे, कानपूर किंवा बंगळूरच्या जुन्या बाजारात .५० मापाची वाहिनी, ६० अंशांचे आटे आणि अँप्लिडाइनचे अवशेष एकत्र दिसले, तर मार्टिन किंवा इमर्सन टरेटशी ते ताडून पाहावेत. पूर्व भारतात मात्र १९४४ पासून खरगपूर आणि चाकुलियाच्या परिसरात अमेरिकन बी-२९ विमानेही होती, त्यामुळे तिकडच्या भागाबद्दल गनरच्या बैठकीचा आणि हँडलचा प्रश्न विसरू नये. दुरुस्ती भारतात झालेली असल्याने मूळ अमेरिकन अंगावर नंतरचे बोल्ट, नंतरचा रंग आणि भारतीय तपासनिसांचे ठसे असू शकतात. ते खरवडून काढू नयेत, कारण तोही त्या भागाचा इतिहास आहे.

चिठ्ठी लिहिताना

सर्व तपासणी झाल्यावर चिठ्ठीवर आधी मोजलेले लिहावे, मग वाचलेले आणि शेवटी अनुमान, आणि या तिन्हींच्या मध्ये एक-एक ओळ कोरी सोडावी. ‘वाहिनीची आतली रुंदी ८० मिमी, आटे ५५ अंश, तेलवाटा असलेला सांधा जोडलेला. ठसा: मुकुट आणि एएम, क्रमांक पुसट. अनुमान: फ्रेझर-नॅश घराणे, .३०३, विमान निश्चित नाही.’ अशा चिठ्ठीचा भाग लँकॅस्टरच्या नावाने विकलेल्या भागापेक्षा कमी किमतीला जाईल, परंतु टरेट पुन्हा उभा करणाऱ्या माणसाच्या हाती तो पडला तर त्याला तो कुठे बसवायचा हे तपासून पाहता येईल. भाग ज्याच्याकडून घेतला त्याने सांगितलेली हकिगतही वेगळ्या कागदावर, तारखेसह आणि ‘सांगण्यावरून’ अशा शब्दांत उतरवून घ्यावी. आणि जुनी, चुकीची वाटणारी चिठ्ठी फाडू नये, ती नव्या चिठ्ठीमागे टाचून ठेवावी.